उन्हाळ्यात निवडलेलं नेट

घनश्यामभाऊ मारबते यांच्याबरोबर बाजाराला जाणं ही एक शिक्षा आहे. मी दोनदा भोगली आणि कानाला खडा लावला. एक मडकं घ्यायचं तर हा माणूस दहा-अकरा मडकी बोटानं वाजवणार, त्यातली तीन बाजूला काढणार, तिन्हींत पाणी भरून उन्हात ठेवणार आणि स्वतः शेजारी उकिडवा बसणार. अर्ध्या तासानं कुंभारीणच हात जोडते की भाऊ, फुकट न्या, पण उठा. "आधी पाहू, मंग घेऊ" हे त्यांचं वाक्य गावातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ आहे. प्रेमिलावहिनींना पाहायलाही ते तीनदा गेले होते. तिसऱ्या खेपेला सासरेबुवांनी विचारलं, जावईबापू, आता काय पाहायचं राहिलं? तर म्हणे, दोनदा सकाळी आलो होतो, एकदा संध्याकाळीही पाहून घेतो. वहिनी हे अजून हसत हसत सांगतात, पण त्या हसण्याला थोडी धार असते.

ही खोड त्यांना घुग्घुसला लागली. जात धीवराची, घरचा धंदा मासोळीचा, पण दहावीनंतर ते तिकडं कोळशाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर कामाला लागले. रिकामी गाडी आधी काट्यावर, भरलेली नंतर, आणि मधल्या काळात कुणाच्या शब्दावर विश्वास नाही. दहा वर्षं हेच केलं. तिथंच कॉम्प्युटर शिकले, तिथंच कोळशाच्या धुळीनं खोकला जडला. मग सगळं सोडून ते आमच्या येलमगुड्याला, आपल्या गावी परत आले आणि बाजाराच्या वाटेवर घराच्या पडवीत ऑनलाइन कामांचं दुकान काढलं.

दुकान ऑनलाइन होतं आणि गावात नेट नव्हतं. हसू नका, आमच्याकडं असंच असतं. आलापल्लीहून भामरागडकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, दोन नाल्यांच्या मधल्या खोलगट जागेत आमचं गाव बसलं आहे. साधा फोन लावायचा तरी नाला ओलांडून पलीकडच्या टेकडीवर चढावं लागतं. घनश्यामभाऊ लोकांचे कागद थैलीत भरून आठवड्यातून दोनदा मोटारसायकलनं तालुक्याला जात आणि तिथल्या एका ओळखीच्या दुकानात बसून कामं उरकून येत. पण जिथं अंगठाच लावायचा असतो, तिथं कागद नेऊन भागत नाही. म्हाताऱ्या बाया काठी टेकत नाल्यातून तालुक्याला जायच्या आणि "आज सर्वर नाही" ऐकून परत यायच्या. ते पाहून त्यांनी ठरवलं की नेट गावात आणायचं.

मी इथल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. मूळचा कोरपन्याकडचा, कापसाच्या मुलखातला. तिकडं पावसाळा म्हणजे शेतीची कामं. इथं पावसाळा म्हणजे बंद रस्ते. म्हणून इथली रीत अशी की घ्यायचं, बांधायचं, जोडायचं ते सगळं होळीनंतर आणि मृगाच्या आधी. लग्नं तेव्हा, घरं शाकारणं तेव्हा, नवा बैल तेव्हा, नवी मोटारसायकलही तेव्हाच. मृगानंतर माल आणायला गाडी येईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. घनश्यामभाऊंनी नेटही त्याच हिशेबानं चैत्रात निवडायला घेतलं.

त्यांच्यापुढं तीन वाटा होत्या. एक, जमिनीखालून आलेली फायबरची तार. ती रस्त्याच्या कडेनं ग्रामपंचायतीपर्यंत आलेली होती, पण रस्त्याचं काम सुरू होतं आणि जेसीबीचा दात दर आठवड्याला तिला कुठंतरी लागायचाच. दुसरी, मोबाइलचं सिम आणि खांबावर लावायचा अँटेना. हे पश्चिमेकडून, धानाच्या मोकळ्या बांध्यांवरून यायचं. हळू, पण यायचं. तिसरी, पिंटूची तबकडी. पिंटू हा आलापल्लीकडचा उमदा पोरगा. त्यानं त्याच हिवाळ्यात तालुक्याच्या टेकडीवर उंच खांब उभा केला होता. आपल्या छपरावर तबकडी लावायची, तिचं तोंड त्या खांबाकडं करायचं, की हवेतून नेट. त्याच्या खांबाला सोलर होतं, जनरेटर होतं, त्यामुळं वीज गेली तरी त्याचं काम थांबत नसे.

दुसरा कुणी असता तर पिंटूचं बोलणं ऐकून तिथंच हो म्हणाला असता. घनश्यामभाऊंनी सिमवाल्याकडून अँटेना वापरून पाहायला मागून आणला, पिंटूकडून तबकडी मागून आणली, फायबरसाठी ग्रामपंचायतीत जाऊन बसले आणि पंधरा दिवस परीक्षा घेतली. शंभर पानी वही केली. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन ओळी. फॉर्मचं एक पान उघडायला किती वेळ लागतो, हे मोजायचं. मोजायला त्यांनी घड्याळ घेतलं नाही, बिडी घेतली. खोकल्यामुळं ओढणं कधीच सोडलं होतं, पण वजनकाट्यावर वेळ बिडीनंच मोजायची सवय. बिडी पेटवून नुसती बोटात धरायची आणि कुठवर जळाली ते पाहायचं. वहीत लिहिलेलं असे: सिम, दुपार, दोन बिड्या. फायबर, सकाळ, बंद. फायबर, संध्याकाळ, बंद. तबकडी, दुपार, बिडी पेटली नाही तोच उघडलं.

ती वही मी वर्गात नेली होती. नववीच्या मुलांसमोर उंच धरून सांगितलं, बघा रे, प्रयोग म्हणजे काय ते घनश्यामकाकांकडून शिका. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मागाहून त्यांना शहाणपण शिकवणारे बरेच निघाले, पण त्या चैत्रात मीही त्यांच्याच शेजारी बसलेलो होतो.

त्यांनी तबकडी घेतली. सिमवाल्याचा अँटेना पुसून, नीट पोत्यात बांधून परत केला. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या एका दुकानात लागला.

दोन महिने गावानं दिवाळी केली म्हणा. म्हाताऱ्यांचे अंगठे पडवीतच लागू लागले. तेंदूपानाच्या हंगामात बाया पहाटे जंगलात जात आणि दुपारी पुडे बांधून झाले की येऊन कामं उरकत. पिंटू आला की त्याला कुणी जेवल्याशिवाय सोडत नसे. आणि बारावीचा निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी जयानं याच पडवीत नर्सिंगचा फॉर्म भरला.

जया बुधूची मुलगी. बुधू तलावात जाळं टाकतो, उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम करतो. लहानपणी ही पोर लसीचा डबा घेऊन फिरणाऱ्या इंदुताई नर्सबाईंच्या मागं मागं सगळं गाव पालथं घालायची. डबा धरायला मिळाला की तिला जत्रा भेटल्यासारखं व्हायचं. आमच्या शाळेत दहावी केली, तालुक्याला राहून बारावी सायन्स केलं. गावातून तिच्याआधी कुणी मुलगी तिथवर पोचली नव्हती. फॉर्म भरून झाला तेव्हा घनश्यामभाऊंनी तिला सांगितलं, "यादी लागली का तीन दिसात एक बटन दाबा लागते. ते इथीच दाबू. तुले कुठी जायाचं काम नाई." तिनं मान डोलावली. तिला शब्द दिलेला होता, आणि घनश्यामभाऊंचा शब्द पारखलेला असतो हे सगळ्यांना माहीत होतं.

मृगानंतर पंधरवड्यात नेट मंदावू लागलं. आधी बिडीचं टोक जळेपर्यंत, मग अर्धी बिडी, मग दोन बिड्या, मग नुसतंच फिरणारं चक्र. पिंटू आला, नट आवळून गेला. पुन्हा आला, वायर बदलली. तिसऱ्यांदा त्यानं डबाच बदलला. चौथ्यांदा तो छपरावर चढला, तबकडीच्या मागं डोकं नेऊन ती जिकडं पाहते तिकडं पाहिलं आणि बराच वेळ उतरलाच नाही. मी आणि घनश्यामभाऊ खाली शिडी धरून उभे होतो.

"भाऊ," वरून तो म्हणाला, "हे झाडं तवा नव्हते काय?"

घनश्यामभाऊंनी वर पाहिलं. "झाडं होते," ते म्हणाले. "पानं नव्हते."

गावाच्या पूर्वेला जंगलखात्यानं लावलेला साग आहे, ओळीनं, पार खांबाच्या टेकडीपर्यंत. साग फाल्गुनात नागडा होतो आणि पाऊस लागेपर्यंत तसाच उभा राहतो. चैत्रात आम्ही त्या काड्यांमधून पिंटूचा खांब नुसत्या डोळ्यांनी पाहत होतो. आता तिथं सुपाएवढाली ओली पानं लोंबत होती आणि खांबच काय, टेकडीही दिसत नव्हती. पिंटू कानकोंडा झाला. त्यानं तोवर सगळ्या तबकड्या मोकळ्या रानात लावल्या होत्या आणि धंद्यातला हा त्याचा पहिलाच पावसाळा होता. पण घनश्यामभाऊ, घुग्घुसची दहा वर्षं सोडली तर, जन्मभर ह्या पानांखाली राहिलेले. सागाच्या पानावर जेवलेले, सागाची पानं छपराला घातलेले. सकाळ पाहिली, दुपार पाहिली, संध्याकाळ पाहिली, आणि श्रावण पाहायचा राहून गेला. तो पाहता येतच नाही, कारण श्रावणात आमच्याकडं कुणी काही निवडत नाही.

फायबरची तार रस्त्याच्या कामात तुटून पडलेलीच होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी ते सिमवाल्याकडं गेले. दुसरा अँटेना नागपूरहून येईल, म्हणे, आठ दिवसांनी या. आठाचे पंधरा झाले, गाडी कुठंतरी चिखलात अडकली. तोवर ते पुन्हा थैली घेऊन तालुक्याच्या फेऱ्या मारू लागले, आठवड्यातून दोनदा नाही तर रोज. जयाची यादी सोमवारी लागणार होती. तिला बरोबर घेऊन सोमवारी सकाळीच निघायचं, असं ठरवलं.

शनिवारी रात्रीपासून पाऊस धरला आणि रविवारी दुपारी दोन्ही नाले रस्त्यावर आले. ना तालुक्याकडं जाता येईना, ना आलापल्लीकडं, ना फोनच्या टेकडीवर. बाहेरच्या कुणाला सांगावं की बाबा रे, तू हे बटण दाब, तर सांगायचं कसं? सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती.

सोमवारी सकाळी बुधू कुऱ्हाड घेऊन सागाच्या कडेला जाऊन उभा राहिला. वनरक्षक इसरू याच गावात राहतो, तोही धावत आला. भला माणूस. त्यानं अडवलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. इतकंच म्हणाला की प्रत्येक झाडाला नंबर आहे, ह्यात तुझं घर जाईल आणि माझी नोकरी जाईल, तरी पाडायचं तर पाड, पण आधी मागं किती आहेत ते मोज. बुधूनं मोजायला सुरुवात केली आणि विसाच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. एक पाडलं तर मागं दुसरं, दुसऱ्याच्या मागं तिसरं, थेट टेकडीपर्यंत. तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत आला आणि घनश्यामभाऊंच्या पडवीत येऊन बसला.

मग घनश्यामभाऊंना बांबू सुचला. पानांमधून जात नाही तर पानांवरून जाऊ द्या. तीन हिरवे बांबू एकाला एक जोडून बांधले, टोकाला तबकडी आवळली, आणि गावच्या बारा-तेरा गड्यांनी मांडवाची मेढ उभी करावी तसं ते उभं केलं. चार बाजूंनी दोर. एक दोर माझ्या हातात होता. वरून पाऊस, खाली गुडघाभर चिखल, आणि आत पडवीत जया कॉम्प्युटरसमोर बसलेली. सोमवारी दिवसभर काही आलं नाही. तबकडी वीतभर फिरली तरी खांब चुकतो, आणि ती तर हातभर हलत होती.

मंगळवारी दुपारी पाऊस जरा थांबला, वारा पडला. आतून जयाचा आवाज आला की उघडलं. आम्ही सगळे दोर धरून दगडासारखे उभे राहिलो. खोकल्याची उबळ आली तरी घनश्यामभाऊंनी तोंडात गमछा कोंबला. आत प्रेमिलावहिनी जयाच्या मागं उभ्या होत्या, त्यांनी मागाहून सांगितलं ते असं. पानावर जयाचं नाव होतं. खाली गडचिरोलीच्या सरकारी नर्सिंग कॉलेजचं नाव होतं, आणि त्याखाली 'जागा मान्य' असं लिहिलेलं हिरवं बटण. जयानं ते दाबलं. चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग सागावरून वाऱ्याची एक झुळूक आली. तशी काही मोठी नव्हती. एरवी आम्ही तिच्यासाठी अंगणात खाट टाकली असती.

पान पांढरं झालं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते काही उघडलं नाही, आणि अंधार पडताना मधला बांबू पेरापाशी उभा चिरला. बुधवारी नवे बांबू तोडले, पण दिवसभर पाऊस असा कोसळला की तबकडी वर न्यायलाच जमेना. पाच वाजले तेव्हा सगळे दोर सोडून घरी गेले. मला त्या दिवशी स्वतःचा राग आला, पिंटूचा आला, सागाचा आला, आणि त्या कुठल्याच रागाचा कुणाला उपयोग नव्हता. सिमचा अँटेना असता तर दोन बिड्या लागल्या असत्या, फार तर चार. पण बटण दाबलं गेलं असतं.

शुक्रवारी पाणी उतरलं. घनश्यामभाऊ जयाला घेऊन तालुक्याला गेले. प्रतिसाद न आल्यानं जागा रद्द, असं पडद्यावर लिहिलेलं होतं. कॉलेजला, प्रवेशाच्या कचेरीला, जिथं जिथं करता आले तिथं फोन केले. सगळे गोड बोलले आणि सगळ्यांनी पुढल्या वर्षी बघा म्हणून सांगितलं. परतताना ते जयाला काहीतरी समजावायला गेले तर तीच म्हणाली, "काका, तुमची काई चुकी नाई. तुम्ही तं सारं पाहून घेतलं होतं." तिच्या मनात टोमणा नव्हता, मला खात्री आहे. पण घरी आल्यावर हा माणूस ते वाक्य माझ्यापाशी तीनदा बोलला.

शनिवारी बुधू नेहमीसारखा मासोळीचा वाटा घेऊन त्यांच्या दारी आला. पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पाण्याची मासोळी शेजारच्या घरी द्यायची, ही रीत त्यानं चुकवली नाही. वहिनींनी रांधली. घनश्यामभाऊ ताटावर बसले आणि तसेच उठले.

सिमचा अँटेना भाद्रपदात आला. आता तो खांबावर आहे, हळू चालतो, पण पानातही चालतो. दुकान बंद पडलं नाही, लोकांनी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. माघात मिरची तोडायला गाड्या भरून लोक तेलंगणात गेले तेव्हा बुधूबरोबर जयाही गेली. घरात बसून काय करणार?

फाल्गुनात सागाची पानं गळाली. एका दुपारी मी पडवीत होतो. घनश्यामभाऊंनी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली तबकडी काढली, छपरावर लावली, आणि नेट आलं. पहिल्या उन्हाळ्यात आलं होतं तसंच, बिडी पेटायच्या आत. त्यांनी जयाला व्हिडिओवर फोन लावला. ती शेतात होती, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तिखटानं लाल झालेले. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या बोटांची सालं निघालेली दिसत होती. जेवली का, बाप कसा आहे, ऊन किती आहे, असं इकडचं तिकडचं विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "औंदाचा फॉर्म निघन आता. मी भरून ठेवतो. आता पावसातबी चालते, मी सारा पावसाळा पाहून घेतला."

पलीकडं कुणीतरी तिला दुसऱ्या ओळीला बोलवत होतं. तिनं तिकडं पाहिलं, मग परत इकडं पाहिलं.

"आधी पाहू काका," ती म्हणाली. "मंग भरू."

घनश्यामभाऊ हो म्हणाले. फोन ठेवला तरी हातातच धरून बसले. त्यानंतर त्यांच्या तोंडून ते वाक्य मी ऐकलेलं नाही. परवाच्या बाजारात मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो, यंदा उन्हाळा लवकर तापला आहे आणि त्यांना मडकं घ्यायचं होतं. समोर जे होतं तेच त्यांनी उचललं आणि पिशवीत घालू लागले. कुंभारणीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, भाऊ, वाजवून तरी पाहा.